जावईबापूंनी घडवलेल्या चार चुका

चुका व्हायच्याच असतील तर त्या नीट आखूनरेखून, आपल्या हाताने घडवलेल्या असाव्यात, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. आणि मत नुसतं असून भागत नाही, ते रविवारी सकाळी सासऱ्यांच्या कारखान्यात उभं राहून खणखणीत आवाजात मांडावंही लागतं, असं त्यांचं दुसरं मत होतं!

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि छतापर्यंत गेलेली फळ्यांची मांडणी, तीत करंडक, ढाली आणि दारावरच्या पाट्यांचे नमुने. मागच्या खोलीत कोरीवकामाचं टेबल, त्यावर वाकलेला दिवा, आणि दिव्याखाली वाकलेले मास्तर. मास्तर म्हणजे कोरणारे कारागीर. तीस वर्षं पितळेवर अक्षरं कोरून त्यांची मान कायमची खाली झुकली होती, त्यामुळे ते सगळ्यांनाच होकार देतायत असं वाटायचं.

ऑर्डरी सासरे घ्यायचे. एका लांबलचक वहीत, अशा अक्षरात की ते त्यांचं त्यांनाच लागायचं, आणि तेही चष्मा सापडला तर.

जावईबापू एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमचा एवढासा तुकडा लिहायचे, की "मुलगा काय करतो?" असं कोणी विचारलं की त्यांची आई "कॉम्प्युटरसमोर बसतो" एवढंच सांगायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासरे त्यांचा मान फार ठेवायचे. आले की चांगली खुर्ची, गार पाणी, पंख्याचा वारा. पण सहा वर्षांत त्यांना कारखान्यातला एक स्क्रूदेखील हातात घेऊ दिला नव्हता. "तुम्ही बसा हो, जावईबापू!" हे ऐकून ऐकून जावईबापूंना बसण्याचाच कंटाळा आला होता. आपण इथे पाहुणे नाही, घरचे आहोत, हे एकदा सिद्ध करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. म्हणून दोन महिने खपून त्यांनी कारखान्यासाठी ऑर्डरी घेणारा प्रोग्रॅम लिहिला. गिऱ्हाइकाने आपल्या फोनवरून मजकूर, माप आणि तारीख भरायची, की मागच्या खोलीत मास्तरांच्या शेजारी चिठ्ठी छापून बाहेर!

"महिनाभर चालवून बघू," सासरे म्हणाले होते. "जमलं तर ठेवू. नाही तर माझी वही आहेच."

आता त्या रविवारी जावईबापू प्रोग्रॅमचा सर्वांत नाजूक भाग समजावून सांगत होते.

"बाबा, यात मी स्वतः चार चुका बनवल्या आहेत!"

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही बनवल्यात? आमच्याकडे त्या आपोआप होतात. त्याला इंजिनिअर लागत नाही."

"तसं नाही हो! कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चुका असतात, पण त्या सगळ्यांना सारख्या. रेडिमेड कपड्यासारख्या. आपल्या धंद्याला त्या बसत नाहीत. म्हणून आपण आपल्या मापाच्या शिवायच्या! मजकूर भरलाच नाही, तर एक चूक. मजकूर पाटीत मावत नाही इतका लांब, तर दुसरी. मागितलेलं माप आपल्याकडे नाही, ती तिसरी. आणि तारीखच उलटून गेलेली टाकली, तर चौथी. गडबड दिसली की प्रोग्रॅम त्यातली नेमकी एक चूक उचलतो आणि फेकतो."

"कोणाच्या अंगावर?"

"ती पकडायचीही सोय असते, बाबा. आणि गंमत बघा, या चौघींची एक मूळ चूक आहे. ती आई, या तिच्या मुली. आईला जे येतं ते मुलींना न शिकवता येतं. आईत एक ओळ लिहिली की चौघींना मिळते."

"म्हणजे घराणंच चुकांचं," सासरे म्हणाले आणि पितळेचा पत्रा पुसायला लागले.

बायको काउंटरवर टेकून स्क्रीन बघत होती. प्रत्येक चुकीसोबत जावईबापूंनी एक निरोप लिहिला होता. आणि कसा लिहिला होता! कंपनीत त्यांना वर्षानुवर्षं 'अवैध मूल्य, क्रमांक ४०७' असलं काहीतरी लिहावं लागे. इथे त्यांनी मनातली सगळी हौस भागवून घेतली होती. एकेका वाक्यावर दोन-दोन संध्याकाळी घालवल्या होत्या.

"इतकं गोड?" बायको म्हणाली. "मला नाही कधी असं काही लिहिलंस! अरे, पण नुसतं 'चूक आहे' असं का नाही लिहीत?"

"चूक हा शब्दच वापरायचा नाही! समोरच्याचा मान राहिला पाहिजे. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, की माणूस बोलतोय."

"आणि हे वाचणार कोण?"

"मास्तर. चूक झाली तरी ऑर्डर हरवता कामा नये, म्हणून मी ती पकडतो आणि तिचा निरोप चिठ्ठीत मजकुराच्या जागी छापतो. मास्तरांनी वाचायचं, गिऱ्हाइकाला फोन करायचा, बरोबर मजकूर विचारून घ्यायचा. संपलं!"

व्यवस्था खरंच सुरेख होती. एवढंच, की ती मास्तरांना कोणी सांगितली नाही. जावईबापूंना वाटलं, सासरे सांगतील. सासऱ्यांना वाटलं, लेकीने सांगितलं असेल. लेकीला वाटलं, ज्याने बनवलं तो सांगेलच की!

आणि मास्तरांचा एक नियम होता. फार वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी बागेतल्या बाकासाठी आपल्या नावाची पट्टी करायला दिली होती. बाकावर नाव म्हणजे स्मरणार्थच असणार, गिऱ्हाईक घाईत विसरलं असेल, अशा उदार विचाराने मास्तरांनी नावामागे 'कै.' कोरलं. संध्याकाळी पट्टी न्यायला कैलासवासी स्वतः आले! तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. चिठ्ठीत असेल ते कोरायचं. आपली अक्कल चालवायची नाही. अक्षर न् अक्षर कोरायचं, मऊ कागदात गुंडाळायचं, डब्यात घालून वरून दोरी बांधायची. विषय संपला.

पहिले तीन आठवडे फार छान गेले. चिठ्ठ्या छापल्या जात होत्या, डबे बाहेर पडत होते. सासरे एकदा तर "बरं चाललंय" असं म्हणाले, आणि ते दोन शब्द जावईबापूंनी आठवडाभर पुरवून पुरवून आठवले. त्यात भर म्हणजे एका कॉलेजची ऑर्डर आली. प्राचार्य निवृत्त होत होते, त्यांच्यासाठी मानपत्र. हे काम पसंत पडलं, तर वर्षभराची सगळी पदकं आणि ढाली इथेच करून घ्यायच्या, असं तिथल्या हेडक्लार्कने सासऱ्यांना सांगितलं होतं. एवढं काम कारखान्यात पूर्वी कधीच आलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, शनिवारी, जावईबापू कारखान्यात चांगल्या खुर्चीवर बसलेले असताना पहिला फोन आला. एक डॉक्टर होते.

"तुम्ही माझ्या दवाखान्याला पाटी दिलीत?"

"दिली ना! कशी वाटली?" जावईबापूंनी हौसेने विचारलं.

"मी मागच्या दाराने येतो, त्यामुळे मला आत्ता दिसली! सकाळपासून एक पेशंट नाही म्हणून बाहेर जाऊन बघितलं! तिच्यावर काय लिहिलंय माहीत आहे? 'क्षमा करा, वेळ निघून गेली आहे. आता आमच्या हातात काही नाही'!"

हे वाक्य जावईबापूंचं होतं. 'हातात' की 'हाती' यावर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

"डॉक्टर, तुम्ही तारीख कोणती टाकली होतीत?"

"तारखेचं काय घेऊन बसलात! गेल्या महिन्याची पडली असेल चुकून! अहो, एक म्हातारे गृहस्थ पाटी वाचून पायरीवरच बसलेत! साधा खोकला आहे त्यांना!"

फोन ठेवतोय तोच दार धाडकन उघडलं आणि एक व्यायामशाळेचे मालक आत आले. त्यांचे दंड आधी आले, मग ते आले. काखेत पाटी होती. ती त्यांनी काउंटरवर आपटली तेव्हा फळीवरचे सगळे करंडक किणकिणले.

"काल उद्घाटन होतं माझ्या व्यायामशाळेचं! शंभर माणसं! पाहुण्यांनी पडदा ओढला! वाचा! मोठ्याने वाचा!"

जावईबापूंनी हळू आवाजात वाचलं, "'आपल्याला हवा तो आकार मिळणं शक्य नाही. आहे त्यात समाधान मानाल का?'"

मागे सासरे पितळ पुसत होते, त्यांचा हात थांबला.

"तुम्ही आठ फूट बाय दोन इंच असं माप मागितलं होतंत का हो?" जावईबापूंनी विचारलं.

"मागितलं होतं! मग?"

"तसं माप नसतं..."

"मग फोन करून तसं सांगायचं! पितळेवर कोरून सांगतात? चौदा जणांनी नाव काढून घेतलं! एक जण तर माझा हात धरून म्हणाला, 'तुमचं पटलं मला', आणि घरी गेला!"

नवीन पाटी संध्याकाळपर्यंत स्वतः आणून लावतो, असं शपथेवर सांगून त्यांना वाटेला लावलं, तोच परत फोन. या वेळी एक बाई होत्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी नवऱ्यासाठी चांदीचा मुलामा दिलेली छोटी ढाल मागवली होती. मजकूर काय लिहावा ते सुचेना, म्हणून जागा रिकामीच सोडली होती.

"काल यांना दिली," बाई म्हणाल्या. "उघडून बघितलं तर, 'तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत. एक शब्द तरी बोला, आम्ही वाट बघतो आहोत.'"

"ताई, मी मनापासून माफी..."

"ऐका हो! आमचे हे पंचवीस वर्षं 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे गेलेले नाहीत. ढाल वाचली आणि डोळ्यांत पाणी! म्हणाले, मी तुला फार वाट बघायला लावली. आणि मग जे बोलायला लागले! जेवताना बोलले, भांडी घासताना बोलले. सकाळी उठून परत सुरू! आत्ता बाल्कनीत शेजाऱ्यांशी बोलतायत!"

"म्हणजे... तक्रार नाही?"

"तक्रार कसली! फक्त एक विचारायचं होतं," बाईंनी आवाज खाली आणला, "थांबवणारी पण मिळते का?"

जावईबापूंनी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत धावले. "मास्तर! या चिठ्ठ्या वाचून तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?"

"वाटलं ना!" मास्तर मान खाली ठेवूनच म्हणाले. "हल्ली लोक फार चांगलं लिहितात, असं वाटलं. आधी नुसतं 'सप्रेम भेट' असायचं. डॉक्टरांची कोरताना तर मला भरून आलं. किती प्रामाणिक डॉक्टर!"

जावईबापूंनी कपाळाला हात लावला. जरा ओबडधोबड लिहिलं असतं, एखादा आकडा घुसवला असता, तर मास्तरांच्याही लक्षात आलं असतं. पण त्यांनी चुका इतक्या सुबक घडवल्या होत्या, की त्या करंडकावर शोभून दिसत होत्या!

तेवढ्यात बायको काउंटरवरून ओरडली, "अरे! कॉलेजच्या मानपत्राचा मजकूर किती लांब होता?"

सगळे स्क्रीनभोवती जमले. कॉलेजच्या अकरा विभागांनी प्राचार्यांबद्दल प्रत्येकी दोन परिच्छेद लिहिले होते. पाटीत मावत होत्या बारा ओळी. मास्तरांनी मानपत्र तीन दिवसांपूर्वीच कोरून, दोरी बांधून पाठवलं होतं.

"काय कोरलंय त्यावर?" सासऱ्यांनी विचारलं.

जावईबापू नुसतीच स्क्रीन खालीवर सरकवत राहिले. शेवटी मास्तरांनीच सांगितलं. त्यांना पाठ होतं. "'आपल्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या. परंतु कृपया थोडक्यात आटपा, इतकी जागा कोणाकडेच नसते.'"

"समारंभ कधी आहे?"

"आज तीन वाजता," बायको म्हणाली.

घड्याळात साडेतीन झाले होते.

सासऱ्यांनी स्कूटर काढली. जावईबापू मागे बसले. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी आडवी उभी होती, तिथे थांबल्यावर सासऱ्यांनी मान न वळवता विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात, चूक फेकली की ती पकडायची सोय आहे."

"आहे ना. मी पकडली होती, बाबा."

"पकडून कुठे ठेवलीत?"

"मजकुराच्या चौकटीत."

"म्हणजे चोर पकडलात आणि पाहुण्यांच्या खोलीत गादी घालून दिलीत!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत जावईबापूंच्या कामातला दोष इतक्या थोडक्यात त्यांना कोणी समजावून दिला नव्हता. आता कारखान्याचं वर्षभराचं काम जाणार, वही परत काउंटरवर येणार, आणि आपण मरेपर्यंत चांगल्या खुर्चीवर बसणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. त्यांच्या नशिबाने समारंभ केव्हाच सुरू होऊनही मानपत्र अजून दिलं गेलं नव्हतं, कारण प्राचार्य निरोपाचं भाषण करत होते. पन्नास मिनिटं झाली होती आणि ते स्वतःच्या शाळेच्या दिवसांपर्यंत आले होते. पहिल्या रांगेतले उपप्राचार्य डोळे उघडे ठेवून झोपले होते. स्टेजच्या कडेला हेडक्लार्क तोच दोरी बांधलेला डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"मी मागून जातो," जावईबापू कुजबुजले आणि भिंतीच्या कडेने ओणवे होऊन निघाले. तीन रांगा पार केल्या, कोणाची तरी चप्पल पायाने ढकलत नेली, एका बाईंच्या पर्सचा पट्टा गळ्यात अडकवून घेतला. बाई म्हणाल्या, "अहो! माझी पर्स!" त्या शांत हॉलमध्ये तो आवाज घणासारखा पडला. प्राचार्य दचकून क्षणभर थांबले. हेडक्लार्कला वाटलं, संपलं भाषण! अशी संधी पुन्हा येणार नाही हे त्याने अनुभवाने ओळखलं. तो टुणकन उठला, माइक हातात घेतला, दोरी ओढली, आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला.

"आदरणीय सरांना सप्रेम अर्पण! 'आपल्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या. परंतु कृपया थोडक्यात आटपा, इतकी जागा...'" आवाज बारीक होत गेला, "'...कोणाकडेच नसते.'"

जावईबापू पर्ससकट दोन रांगांच्या मध्ये उभे राहिले. मग मागच्या कोपऱ्यातून एक टाळी आली. मग दुसरी. मग अख्खा हॉल उभा राहून टाळ्या पिटायला लागला! उपप्राचार्य जागे होऊन सगळ्यांत जोरात वाजवू लागले.

प्राचार्यांनी पाटी हातात घेतली, लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली. "एकतीस वर्षं," ते म्हणाले, "हे मला घरी रोज सांगतात. कॉलेजात तोंडावर सांगायची हिंमत आज झाली तुमची!" आणि ते हसत हसत खाली बसले. चहा वीस मिनिटं लवकर मिळाला.

बाहेर पडताना हेडक्लार्कने सासऱ्यांना गाठलं. जावईबापूंची पाचावर धारण बसली. पण हेडक्लार्क म्हणाला, "पदकांचं काम तुमच्याकडेच. फक्त मजकूर आम्ही देऊ तोच कोरा. विद्यार्थ्यांना इतकं खरं सोसायचं नाही."

कारखान्यात आल्यावर सासऱ्यांनी वही काढली. जावईबापूंनी नजर खाली केली. पण सासऱ्यांनी वहीचं एक कोरं पान फाडलं, त्यावर दोन शब्द लिहिले आणि कागद पुढे सरकवला.

"तुमचं ते घराणं ठेवा, चारही मुली राहू देत. पण आईला एवढंच शिकवा. चूक झाली की हेच छापायचं, बाकी काही नाही. बघू मास्तर कसे फसतात!"

कागदावर लिहिलं होतं, 'जावई चुकले.'

जावईबापूंनी कागद दोनदा वाचला. मग निमूटपणे कॉम्प्युटरसमोर बसले, चौघींचे गोड निरोप पुसले आणि मूळ चुकीत ती ओळ स्वतःच्या हाताने टाकली. एकदाच टाकली, चौघींना मिळाली. बायको काउंटरमागे खाली वाकून काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधत होती आणि तिचे खांदे हलत होते.

मंगळवारी संध्याकाळी जावईबापू ऑफिसातून थेट कारखान्यात आले, तेव्हा मास्तर चिठ्ठी हातात धरून सासऱ्यांसमोर उभे होते. कोणीतरी मजकूर न भरताच ऑर्डर पाठवली होती.

"कोरू का?" मास्तरांनी विचारलं. नियम केल्यापासून त्यांनी कोणालाही विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

जावईबापूंची छाती फुगली. शेवटी व्यवस्था चालली! चूक उठली, पकडली गेली, आणि माणसाने ती ओळखली! "नाही, मास्तर! फोन करायचा गिऱ्हाइकाला!" ते विजयी मुद्रेने म्हणाले.

"फोन मी करतो," सासरे शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही कोरा, मास्तर. जाड पत्र्यावर. आणि अक्षर ठसठशीत येऊ द्या."

गुरुवारी पाटी तयार झाली. फूटभर लांब, पितळेची, काठाला बारीक वेल. आत्तापर्यंत या कारखान्यातून इतकं सुंदर काम बाहेर पडलं नव्हतं, आणि हेही बाहेर पडणार नव्हतं. सासऱ्यांनी कॉम्प्युटरच्या बरोबर वर भिंतीवर खुणा केल्या, शिडी लावली आणि स्क्रू दातांत धरून वर चढले. जावईबापू सवयीने चांगल्या खुर्चीकडे वळले.

"बसताय काय?" वरून सासरे स्क्रूच्या फटीतून ओरडले. "शिडी हलतेय! धरा इकडे येऊन!"

जावईबापूंनी धावत जाऊन दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. पाटी डावीकडे चांगली बोटभर खाली लागली होती. पण त्यांनी ते काही सांगितलं नाही.